आवाज कुणाचा?

कोल्हापुरात नवी गाडी एकट्याची नसते. एमएच 09 चा नंबर पडला की ती गल्लीची होते. आधी अंबाबाई, मग जोतिबाचा डोंगर, उतरताना बॉनेटवर गुलाल आणि डिकीत खोबरं. घरी पोचलं की तालमीची पोरं आत बसून गाणी बदलायला लागतात. टाकीतलं पहिलं पेट्रोल संपायच्या आत निम्म्या पेठेनं "ॲव्हरेज किती?" म्हणून विचारलेलं असतं. अशा गावात गाडीला आवाज लागला तर तोही सार्वजनिकच.

आमच्या गाडीला लागला. तिसरा गिअर, ताशी 40 च्या पुढं, डाव्या अंगानं कट्-कट्. पन्हाळ्याला जाताना वाघबीळ आलं की त्याला कंठ फुटायचा. शेजारच्या काकू गॅलरीतूनच "आलासा व्हय?" म्हणायच्या. दूधवाल्याला तो ऐकू यायचा, आमच्या सासऱ्यांना कानातलं मशीन काढून ठेवलं तरी यायचा. ऐकू यायचा नाही तो फक्त सर्व्हिस सेंटरमध्ये.

तिथं थंडगार हॉल, काचेची भिंत, कॉफीचं मशीन. इस्त्रीच्या शर्टातला एक नम्र मुलगा टॅब घेऊन शेजारी बसला आणि आम्ही हायवेला निघालो. गाडी त्या दिवशी अशी चालली की मलाच माझा संशय आला. परत आल्यावर त्यानं जॉबकार्डावर लिहिलं, "नॉइज नॉट ऑब्झर्व्हड". पुढच्या खेपेला आवाज आला, त्यालाही आला, तेव्हा तो म्हणाला, "सर, हे या मॉडेलचं नॉर्मल कॅरॅक्टरिस्टिक आहे." चांगल्या घरातली म्हणून आणली होती; तिचं कॅरॅक्टर पैसे भरल्यावर कळलं.

त्यानंतर कारणं येत गेली. रस्ते खराब आहेत. पेट्रोल कुठं भरता? घाटात जास्त जाता का? एकदा एअर फिल्टर काढून त्यातला गुलाल दाखवला. आवाज चाकातून, गुलाल फिल्टरमध्ये, पण मुलाच्या चेहऱ्यावर गुन्हा शाबित झाल्याचं समाधान. डीलर म्हणे, "हा कंपनीचा विषय." कंपनीचा टोल-फ्री नंबर म्हणे, "आपल्या डीलरशी संपर्क साधा."

म्हणून गाडी उद्यमनगरात नेली. तिथल्या मिस्त्रीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. हात लावला की वॉरंटी गेली म्हणतील, ही धास्ती माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. तसाच वाकला, मान तिरकी केली, मला गाडी चार हात पुढं-मागं घ्यायला लावली आणि म्हणाला, "लोअर आर्मचं बुश हाय. पहिल्यापास्नंच बाद." काचेच्या हॉलात जे कॉम्प्युटरला सापडलं नाही ते याच्या कानाला चहा गार व्हायच्या आत सापडलं. मी म्हटलं, "एवढं लिहून द्या की." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याचा सातबारा मागितला. "तसलं नगं सायेब. कागद आला की कोर्ट आलं."

तालमीच्या पोरांकडं सोपा उपाय होता. "गाडीला दोन गाढवं जुंपू, हलगी लावू, शोरूमपर्यंत वाजवत नेऊ!" हे गाव काही साधं नव्हे. प्रा. एन. डी. पाटलांच्या मागं रस्त्यावर उतरून या शहरानं अख्खा टोल हटवलाय. पण चौकात सरकारला घाम फोडणारा हाच कोल्हापूरकर काऊंटरवर गेला की न वाचता सही करतो आणि वर "थँक्यू" म्हणतो. मी वेगळा नव्हतो.

तेवढ्यात मामा आले. मामा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे सांगता येत नाही, पण कागद नुसता हुंगून तो आवक की जावक हे सांगतात. पोरांचा बेत ऐकून त्यांनी एकच विचारलं, "गाढवांची पोच कोण देणार?" मग माझ्याकडं वळले. "लेका, तुझा आवाज कागदावर कुठं हाय?"

मामांनी कायदा पाठ केलेला. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा 1986 चा, आताचा 2019 चा, लागू जुलै 2020 पासून. त्याआधीची हकिकतही, म्हणजे बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तिथपासून, ते चपला न काढता सांगतात. "कंपनी दिल्लीला असू दे न्हाईतर जपानला. तू राहतोस तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी 200 रुपये." एवढ्यात तांबडा-पांढरा रस्सासुद्धा येत नाही, हे मी मनात म्हटलं. "समोरच्यानं 30 दिवसांत म्हणणं मांडायचं, फार तर आणखी 15. त्यापुढं एक दिवस न्हाई, हे पाच न्यायमूर्तींनी 2020 ला सांगितलंय. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच." इथं मामा थांबले. "असं कायद्यात हाय."

"म्हणजे नवी गाडी मिळेल?" मी विचारलं.

मामांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. मारुतीच्या एका खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं कबूल केलंय, अख्खी गाडी नव्हे, तेवढंच मिळेल. 2010 साली फियाटच्या एका गाडीचं भांडण तर इंजिनाच्या आवाजावरूनच होतं. न्यायालय म्हणालं, आधी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासा. दोष मूळ बांधणीतच निघाला तर पैसे 12 टक्के व्याजानं परत. आणि शेजारच्या गोव्यातली कथा ऐकून तर माझा आवाज बंद झाला. तिथल्या एका गृहस्थांनी 2011 च्या मॉडेलचे पैसे भरले, दारात आली ती 2009 ची, आधीच 622 किलोमीटर पळालेली. 2021 मध्ये निकाल आला. डीलरवरचा आदेश राहिला, पण टाटा मोटर्स सुटली, कारण डीलरच्या या उद्योगाची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झालं नाही.

"आलं का ध्यानात?" मामा म्हणाले. "दोघांनाही पार्टी करायचं, आणि कुणाचं काय चुकलं ते वेगवेगळं लिहायचं. आवाज हाय हे तू सांगून चालत न्हाई. दोष मुळातला हाय, हे तज्ज्ञानं सांगावं लागतं. तुझा मिस्त्री देव माणूस, पण देव ॲफिडेव्हिट करत न्हाईत."

मला धीर सुटल्यासारखं झालं. मामा म्हणाले, "अरे, हायकोर्टाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडला यायला या गावानं चाळीसेक वर्षं काढली. ऑगस्ट 2025 ला आलंच की! तुझं तर नुसतं बुश हाय."

पुढच्या खेपेला मामा सोबत आले. कॉफी नाकारली. कॉफी प्यायली की माणूस ऐकून घेतो, असा त्यांचा सेवाकाळातला अनुभव. जॉबकार्डावर "जनरल चेकअप" लिहिलेलं दिसताच त्यांनी स्वतःचा पेन काढला. "ग्राहकाची तक्रार ग्राहकाच्या शब्दांत." वेग, गिअर, बाजू, किलोमीटर, सगळं लिहवलं. डाव्या खिडकीत मोबाईल धरून मुलाच्या देखत आवाज रेकॉर्ड केला. मुलगा म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये एवढी जागा नाही." मामा म्हणाले, "पाठपोट लिही."

मग नोटीस. एक डीलरला, एक कंपनीला, सोबत बिल, वॉरंटीचं पुस्तक आणि सगळ्या जॉबकार्डांच्या प्रती. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवून मामांनी तिचा क्रमांक फायलीच्या पाठीवर लिहिला. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, हे दुःख त्यांना फार. तो गुलाबी पोचकागद बघितल्याशिवाय समोरच्याला घाम फुटत नाही, असं त्यांचं मत.

पण फुटला. आयोगाची पायरी चढायच्या आत फोन आला. गाडीत दोष काहीच नाही, तरीपण केवळ सद्भावना म्हणून कंपनी एक भाग बदलून देणार. कुठला? डाव्या बाजूचं लोअर आर्मचं बुश.

गाडी गप्प झाली. इस्त्रीचा शर्ट हसतमुखानं फॉर्म घेऊन आला: 'ग्राहक पूर्ण समाधानी'. मी सवयीनं पेन उघडला, तर मामांनी मनगट धरलं. जुनं बुश ताब्यात घेतलं, नव्याचा पार्ट नंबर लिहून घेतला, 'पूर्ण' वर काट मारली, 'समाधानी'च्या पुढं 'तूर्त, सर्व हक्क राखून' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि मगच मला सही करू दिली.

मुलगा काकुळतीला आला. "काका, आवाज गेला ना आता? मग समाधान झालं नाही का?"

"झालंय की," मामा फाईलची दोरी बांधत म्हणाले, "पण ते तुला लेखी देणार न्हाई."