श्रीमान बाँड पेपर यांस

प्रति,
श्रीमान पाचशे रुपयांचा बाँड पेपर,
मुक्काम : कुठल्याही तहसीलबाहेरची टपरी.



पत्र देऊळघाटाहून लिहितो आहे. पैनगंगेकाठची आमची माणसं आपल्या दर्शनाला बुलढाण्यात येतातच. कुणाची दहावीची मार्कशीट पत्र्याच्या पेटीत वाळवीनं खाल्ली, कुणाची टीसी कामाला पुण्याकडे जाताना एस.टी.त राहिली. गुन्हा त्यांचाच. आपण मात्र उदार मनाने माफ करता, पाचशे रुपयांत.

ऑक्टोबर 2024 पर्यंत आपण शंभराचे होता. एका फटक्यात पाचपट! ना मोर्चा, ना उपोषण. आमच्या सोयाबीनला हे जमलं असतं तर गावात आपलं देऊळ बांधलं असतं. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी होती दिवसाला 312 रुपये. म्हणजे दीड दिवसाहून जास्त माती उपसली की आपली भेट घडते. आपल्यावर टंकायचं काय, तर ‘माझी गुणपत्रिका हरवली, हे खरे आहे.’ टायपिंग, नोटरी, झेरॉक्स ही आपल्या वऱ्हाडातली मंडळी. त्यांचा मानपान वेगळा.

आता एक नाजूक विषय. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क राज्याने 2004 मध्येच माफ केलं आहे. पुढे मार्च 2015 मध्ये शासन निर्णय आला : प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र घ्या. खोटं निघालं तर त्यावरही शिक्षा आहेच. म्हणजे कागदोपत्री आपण बऱ्याच ठिकाणांहून कधीच निवृत्त झालात, तरी खुर्ची सोडत नाही. 2025 मध्ये महसूलमंत्र्यांना पुन्हा सांगावं लागलं की दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना पाचशेचा मुद्रांक नको. आणि ‘आमची शाळा अनुदानित आहे, सरकारी कार्यालय नाही’ असं कुणी म्हणालं की आपण पुन्हा गल्ल्यात हजर. चिवटपणा शिकावा तर आपल्याकडून.

आपला खरा शत्रू मोबाइलमध्ये बसला आहे. कागदपत्रं ठेवायचं सरकारी डिजिलॉकर 2015 पासून सुरू आहे. त्यात थेट जारी झालेली कागदपत्रं मूळ प्रतीइतकीच ग्राह्य, असं केंद्राचे 2016 चे नियम सांगतात. राज्य मंडळाची गुणपत्रिका तिथे मिळते. ज्याची तिथे सापडली त्याने अमरावतीच्या विभागीय मंडळापर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास कशासाठी करायचा? तरी पोराने मोबाइल पुढे केला की टेबलामागून आवाज येतो, ‘ओरिजनल आणा.’ त्या आवाजाला आपण महिन्याला काही देता का, अशी शंका गावात आहे. मी ती मानत नाही; फुकटातही माणसं निष्ठावान असतात.

टीसीचं दुखणं मात्र खरं आहे, तिथे उपहास जरा बाजूला ठेवतो. अलीकडच्या पोरांची नावं शिक्षण खात्याच्या ऑनलाइन सरल प्रणालीत आहेत. त्यांच्या बापाचं स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि जात मात्र शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, शाई उडत चाललेल्या एका ओळीत. ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही, त्यांना तीच ओळ आधार. ते रजिस्टर स्कॅन करणं अवघड आहे म्हणतात. पण 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा याच यंत्रणेने जुनी रजिस्टरं कपाटांतून काढली, मोडी वाचणारे बसवले, पानं तपासली. मोर्चा निघाला की धूळ झटकली जाते. हरवलेल्या टीसीसाठी कोण मोर्चा काढणार? हरवणारे एकेकटे हरवतात.

म्हणून आपल्या माहितीसाठी आमची मागणी कळवतो. ती रजिस्टरं एकदाची संगणकावर चढवा. टीसीच्या दुसऱ्या प्रतीची सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीसह अधिसूचित करा. ‘आपले सरकार’ केंद्रातून, ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत, स्वयंघोषणेवर आणि छपाईच्या खर्चात ती मिळू द्या. आपण जमिनीच्या खरेदी-विक्रीत रमावं. तिथे आपल्याला मोठा मान आहे. दहावी पास झालेल्या पोरीची गरिबी तपासायला येऊ नये.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
देऊळघाटचा एक दाखलाग्रस्त

ता.क. : उत्तर साध्या कागदावर पाठवलं तरी चालेल. खरं असेल तर वाचू.