बाल्खचे नायब तहसीलदार

महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न भंडारा शहरात फार जुना आहे. कोणी देवळाच्या विश्वस्त मंडळावर जातो, कोणी शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा स्वखुशीने आपल्या अंगावर घेतो, तर कोणी फिरायला निघालेल्या निरुपद्रवी गृहस्थाला सातबाऱ्यातील खाचाखोचा समजावून देत थेट वैनगंगेच्या काठापर्यंत ओढून नेतो. परंतु अलीकडे या वर्गातून एक नवीच प्रजाती उत्पन्न झाली असून, सकाळचे वर्तमानपत्र संपताच ती मुलाने मागे ठेवलेल्या संगणकासमोर बैठक मांडते आणि जेवणवेळेपर्यंत इसवी सनापूर्वीच्या एखाद्या राज्याचा कारभार हाकते. आमच्या मोहल्ल्यातील या प्रजातीचा अस्सल नमुना म्हणजे एक निवृत्त नायब तहसीलदार. लोक त्यांना बाबूजी म्हणतात. सांप्रत ते बॅक्ट्रियाचे, म्हणजे बाल्ख प्रांतीच्या यवन राज्याचे, अधिपती आहेत.

‘टोटल वॉर: रोम टू’ या नावाचा खेळ 2013 साली निघाला, त्यात इ. स. पू. 272 या वर्षी आपल्या पसंतीचे राज्य हाती घेऊन पुढे जमेल तितकी पृथ्वी पादाक्रांत करावयाची असते. तरुण मंडळी डोळे मिटून रोम घेतात. बाबूजींनी मात्र प्रत्येक राज्याची फाईल मागवल्यासारखी छाननी केली. रोममध्ये आधीच साहेब फार, म्हणून ते नामंजूर. स्पार्टामध्ये लागवडीखालचे क्षेत्र थोडे आणि बंदोबस्ताचा खर्च अवाढव्य, म्हणून तेही नामंजूर. आणि अखेरीस त्यांची मर्जी बॅक्ट्रियावर बसली, ती तेथील घोड्यांमुळे नव्हे की सोन्यामुळे नव्हे, तर ते ठिकाण मुख्यालयापासून दूर आहे या एकाच गुणामुळे. सिकंदराच्या पश्चात सेल्युकसच्या घराण्याकडे गेलेल्या या सुभ्याचा कारभार पार सीरियातील अँटिऑकहून चाले, आणि इ. स. पू. 250 च्या सुमारास तेथील सुभेदार डायोडोटस स्वतंत्र झाला, ही घटना इतिहासकारांना बंडखोरीची वाटत असेल. परंतु चुलबंद नदीला पूर आला की लाखांदूरकडचे टपाल कसे अडते आणि जिल्ह्याहून निघालेला हुकूम पोचेतो त्याची मुदत कशी संपलेली असते, हे नोकरीत पाहिलेल्या बाबूजींना त्यात बंडखोरीचा लवलेशही दिसत नाही. ‘टपालच नाही आला, त मानूस काय करंन?’ असा त्यांचा डायोडोटसच्या वतीने कायमचा खुलासा आहे.

लढाई हा या खेळाचा प्राण. तीस-तीस हात लांब भाल्यांची रांग धुळीतून पुढे सरकते, हत्ती चीत्कारतात, आणि ज्यांनी हा देखावा रचला त्यांनी त्यावर किती मेहनत घेतली असेल हे पाहणाऱ्याला जाणवते. बाबूजींनी तो आजवर पाहिलेला नाही. युद्ध उद्भवले की ते ‘निकाल आपोआप लावा’ अशा अर्थाची कळ दाबतात. कारण मारामारीच्या जागी नायब तहसीलदाराने स्वतः जावयाचे नसते, त्याने मागाहून पंचनाम्याला जावयाचे असते. (भाल्यांची लांबी वर आम्ही दिली ती त्यांच्या तोंडची आहे, प्रत्यक्षात मॅसिडोनी भाला बारा-चौदा हातांचा. महसुली मोजणीत एवढी तफावत चालते.)

त्यांचा खरा जीव जमाबंदीत. धान्य तुटले की सक्ती नाही, तो प्रांत करमाफ. प्रजा कुरकुरली की एक पलटण बरखास्त करून त्या पैशात कालवा. मालगुजारी तलावांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पाण्याआधी फौज सुचत नाही, हे आम्हांस तरी पटते. राज्य वाढते तसा त्यातील भ्रष्टाचार वाढतो आणि वसुलीतून तो किती कापला गेला हे पडद्यावर स्वच्छ दिसते, या व्यवस्थेने कित्येक खेळाडू वैतागतात. बाबूजी मात्र तो आकडा प्रथम दिसला त्या दिवशी सद्गदित झाले होते, कारण ही रक्कम जमाखर्चात उघड दाखवणारे सरकार त्यांनी उभ्या हयातीत पाहिले नव्हते.

येथे एक चाल म्हणजे एक वर्ष, त्यामुळे रोज सकाळी कित्येक मार्चअखेर उरकतात. आतून हाक येते, ‘अवो, भात निवून राह्यला नं!’ आणि बाहेरून उत्तर जाते, ‘एवढी तीन वर्सं आटपतो, मंग येतो.’

त्यांचे आराध्य दैवत बॅक्ट्रियाचा राजा युथिडेमस. सेल्युकसच्या घराण्यातील अँटिओकस तिसरा याने इ. स. पू. 208 च्या सुमारास बॅक्ट्रियावर चालून येऊन राजधानीला वेढा दिला, तेव्हा या युथिडेमसाने कळवले की, आपण बंडखोर नसून बंडखोरांच्या वंशजांचा नायनाट करूनच गादीवर आलो आहोत, शिवाय सरहद्दीवर भटक्या टोळ्या टपल्या असल्यामुळे हा तंटा चालू राहिल्यास उभयतांचे वाटोळे होईल. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवलेला हा जबाब बाबूजी दप्तरी इतिहासातील सर्वोत्कृष्ट अर्ज मानतात. राजपद कायम राहिले, मुलासाठी राजकन्येचे स्थळ आले, आणि द्यावे लागले ते केवळ हत्ती! ‘जंगम देल्लं, स्थावर राखलं,’ असे म्हणून ते मांडीवर थाप मारतात. अर्जातील टोळ्यांचा इशाराही पुढे खरा ठरला, हे पटवण्यासाठी ते पाहुण्यांना आपल्याच जिल्ह्यातील पवनीचा दाखला देतात: तेथे महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभलेख सापडला आहे, म्हणजे शकांची माणसे बाल्ख बुडवून पार आमच्या धानाच्या बांध्यांपर्यंत आली. मधल्या दोन-तीन शतकांचा हिशेब ते पाहुण्यांवर सोपवतात. खेळाच्या नकाशात मात्र पवनी नाही, भरतखंडच नाही. बाबूजींची त्याबद्दल तक्रार आहे, पण ती कोणत्या कार्यालयात दाखल करावी ते ठरलेले नाही.

गेल्या दिवाळीत नागपूरला शिकणारा नातू आला. आजोबांनी शंभर वर्षे राज्य करून एक इंचही मुलूख वाढवला नाही, हे पाहून त्याला लाज वाटली, आणि रात्री जागून त्याने पार्थियासह चार प्रांत जिंकून दिले. सकाळी बाबूजींनी चष्मा लावून पाहणी केली: नव्या प्रांतांत असंतोष, कोठारात तूट, भ्रष्टाचाराचा आकडा दुप्पट, आणि कोणाचीही पूर्वपरवानगी नाही. त्यांनी नातवाला तोंडी खुलासा विचारला, तो असमाधानकारक ठरला. मग आदल्या संध्याकाळची जपून ठेवलेली प्रत उघडून त्यांनी चारही प्रांतांचा फेरफार रद्द केला, आणि पुढच्या सालच्या वसुलीला बसले.