वाफ्यात अवचित उगवणारे कांदे : ओळख व बंदोबस्त

जो लावल्याचे घरात कोणालाही आठवत नाही, पण उपटायला घेताच ‘मीच लावला होता’ म्हणणारे किमान दोघे निघतात, तो अवचित कांदा. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत त्याचा ऋतू वसंत सांगतात. वऱ्हाडातल्या दिग्रसला हे लागू पडत नाही. ट्यूलिपच्या कांद्याला फुलण्याआधी साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. ती श्रीनगरला मिळते. दिग्रसची थंडी संक्रांतीचे तीळगूळ संपेपर्यंतही टिकेल याची खात्री नसते. वसंत इथे पंचांगात येतो, वाफ्यावर फक्त ऊन येते. म्हणून स्थानिक हंगाम अवकाळी पावसापासून मृगापर्यंत धरावा.

पहिली परीक्षा वासाची. पात चुरगळून नाकाशी धरावी. कांद्याचा वास आला, तर कोंब फुटला म्हणून स्वयंपाकघरातून भिरकावलेला तो कांदाच. पातीचे बेसन करून प्रकरण मिटवावे. वास आला नाही, तर मात्र कढई चढवू नये. ती बहुधा पावसाळी लिली असते. मूळची अमेरिका खंडातली, पण वागणूक अस्सल वऱ्हाडी : नळाच्या पाण्याने तिचे सहसा भागत नाही, आभाळातून सर पडली की चार-सहा दिवसांत पांढरी किंवा गुलाबी फुले हजर. तिचा कांदा पोटात गेल्यास वांत्या होतात.

मे महिन्यात उघड्या जमिनीतून नुसता दांडा येऊन त्यावर तांबड्या केसरांचा चेंडू फुलला, तर तो मे फ्लॉवर, आफ्रिकेतला पाहुणा. चेंडू थोडेच दिवस टिकतो. पाने मागाहून येतात आणि तीच पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी भरतात, म्हणून आपणहून पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. पाने गेल्यावर जागा लक्षात राहावी म्हणून काडी रोवण्याची पद्धत आहे. सुट्ट्या लागताच ती काडी स्टंप होते आणि कांदा पुन्हा अवचित ठरतो.

मुरमाच्या ट्रॉलीबरोबर कधी रानकांदाही येतो. त्याला ऐन उन्हाळ्यात पानांशिवाय लांब दांडा फुटतो आणि फुले रात्री उमलतात. मालक पाहतो तो दिवसा. त्याला वाळकी काडी दिसते आणि तो तिला मिरचीचे रोप बांधतो. कांदा मुठीएवढा आणि विषारी. पानाच्या टोकाचा तणावा करून कुंपणावर चढणारी कळलावी त्याहून घातक : तिचा नांगराच्या आकाराचा कंद मुलांच्या व गुरांच्या वाटेत ठेवू नये. काढायचाच तर हातमोजे घालून, मुळापर्यंत.

उरतो मोथा, म्हणजेच लव्हाळा. शास्त्र त्याला कांदा मानत नाही, पण वाफा मानतो. ओळख सोपी : दांडी बोटांत फिरवावी, तीन धारा लागल्या की मोथा. १९७७ साली लेरॉय होम व सहकाऱ्यांनी जगातल्या वाईट तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान यालाच मिळाला. जमिनीखाली त्याच्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या असतात. वरचे पाते ओढले की माळ तुटते आणि मागे राहिलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र संसार मांडते. निंदण जितके उत्साही, तितका मोथा दाट. खात्रीचा उपाय एकच : वैशाखात काळी माती खोल उकरून गाठी उन्हात कडक वाळवाव्यात. त्या दिवसांत दुपारी घराबाहेर पडणारा माणूस दिग्रसात मिळत नाही, ही या उपायातली एकमेव उणीव.

बाकीच्या कांद्यांचा बंदोबस्त म्हणजे वाटप. पिल्ले वाढली की ती कॅरीबॅगमध्ये घालून शेजारी द्यावीत. शेजारी घाईत ती कुठेतरी पुरतात, आषाढापर्यंत विसरतात आणि त्यांच्याकडे वरील क्रम पहिल्यापासून सुरू होतो. मोथ्याला गिऱ्हाईक नसते. त्याच्या गाठी धुऊन, वाळवून उटण्यासाठी ठेवाव्यात, अशी सूचना दर श्रावणात होते. गाठी उकिरड्यावर जातात आणि दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी किराणा दुकानातून नागरमोथ्याची पुडी विकत आणली जाते.