रानपिंगळ्याचे सदस्यत्व

आजारपण आणि घरबदल आटोपून नंदुरबारला स्थिरावलेल्या एका पक्षीप्रेमीने मोबाइलवरच्या जुन्या पक्षीमित्र गटाचे दार ठोठावले, तेव्हा व्यवस्थापकांनी दाखवलेली शिस्त अभिनंदनीय आहे. दीर्घ मौनामुळे नाव कमी केले होते. आता गैरहजेरीचे कारण, नव्या पत्त्याचा पुरावा आणि पक्ष्याचे ताजे छायाचित्र सादर करावे, असे कळवण्यात आले. योग्यच! रोज ‘सुप्रभात’ न पाठवणाऱ्याला पक्षी कळतात, हे मानायचे कशावरून?

हाच नियम रानपिंगळ्यालाही लावावा. १८८४ नंतर हे घुबड बेपत्ता. मध्यंतरी पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी चोरलेल्या जुन्या नमुन्यावर १९१४ची चिठ्ठी डकवून त्याची खोटी हजेरी तेवढी लावली. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांपुढे थेट प्रकटला. ११३ वर्षे गैरहजर, वैद्यकीय दाखला नाही, तरी जगभर कौतुक! शिवाय पुढच्याच वर्षी जिल्हा धुळ्याचा नंदुरबार झाला. पत्ताबदलाचा अर्ज त्याने अद्याप दिलेला नाही.

गटाच्या बोधचिन्हावर सध्या तोच विराजमान आहे. सबब, खुलासा येईपर्यंत त्यालाही प्रतीक्षायादीत ठेवावे.