सोफीबाई जाईपर्यंत

एप्रिलच्या अखेरीस म्युनिकमध्ये असं ऊन पडलं, की मी स्वेटर माळ्यावर टाकले आणि खिडकीत जपलेली लाल भोपळ्याची तीन रोपं अंगणात लावून मोकळी झाले. कुंपणापलीकडच्या आजींनी झारी खाली ठेवली. "आइसहायलिगे तरी होऊ द्यायचे होते!"

मला वाटलं, त्यांच्याकडे पाहुणे यायचे असतील. पाहुणेच ते, पण संत. १२ मेला पांक्राट्स, १३ला सेर्वाट्स, १४ला बोनिफाट्स आणि १५ला 'थंड सोफी'. ही मंडळी जाता जाता शेवटची हुडहुडी भरवून जातात, तोवर नाजूक काही बाहेर लावायचं नाही. मी मनात हसले. मोबाइलवर हवामान कळत असताना संतांना कशाला विचारायचं?

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री आभाळ अगदी स्वच्छ होतं. ढगांची गोधडी नसली की जमिनीची ऊब उडून जाते. सकाळी भिंतीवरच्या थर्मामीटरला भोपळा, आणि जमिनीलगत त्याहूनही गार. माझ्या भोपळ्याची पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, लिबलिबीत. भ्रमाचा फुटला तो फुटलाच, खरा तर फुलावरही आला नव्हता.

फोनवर बाबांना सांगितलं. ते साताऱ्याहून म्हणाले, "अगं, मृगाआधी एवढी घाई कुणी सांगितली होती?" त्यांचा पाऊस नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव यावर ठरतो. त्यांची आणि आजींची गाठ पडली, तर मला नावं ठेवताना भाषेचीसुद्धा अडचण येणार नाही.

आजींनी पुढची मेख सांगितली. १५८२ साली पोप ग्रेगरींनी कॅलेंडरातले दहा दिवस गाळले, संतांच्या तारखा मात्र होत्या तिथेच राहिल्या. "म्हणजे खरी सोफी २५च्या सुमारास जाते." बाईंना कुणी कळवलंच नव्हतं तर!

२६ मेला आजींच्याच खिडकीतली होक्काइडो जातीची दोन रोपं लावली. शंभरेक दिवसांत फळ, म्हणजे सप्टेंबरात घारगे. रात्र उबदार, वर पावसाची एक सर. सकाळी नुसते देठ, आणि मातीवर चकाकणारी चिकट रेघ. बिनशंखाच्या गोगलगायी!

"यांचा संत कोण?" मी विचारलं.

आजी आतून बिअरची बाटली घेऊन आल्या. वाडगं काठापर्यंत मातीत पुरायचं, त्यात थोडी ओतायची. वासाने येतात आणि बुडतात.

वाडग्याला थोडीशीच लागली. उरलेली आम्ही दोघींनी संपवली.