एका वाक्याचा नट

प्रस्तुत लेखक नट आहेत. (आदरार्थी बहुवचन त्यांचं त्यांनीच लावून घेतलेलं आहे.) राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत त्यांनी काम केलं असून त्या कामाला वाक्य होतं. एक. 'बाईसाहेब, गाडी आलीय.'

दोन महिने तालमी चालल्या. जोर 'गाडी'वर द्यायचा की 'आलीय'वर, हा प्रश्न लेखकांनी दिग्दर्शकापुढे मांडला. ऐकू आलं तरी पुरे, असं उत्तर मिळालं. मग शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा पोटातून आवाज काढायचा सराव सुरू झाला. घरी जेवताना लेखकांनी मीठ मागितलं की शेजारच्या काकू वाटी घेऊन येत.

नाटकात काम करून मिळतं काय, असं कुणी विचारलं की लेखक डॉक्टरांचे दाखले देतात. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. एवढी शिकलेली माणसं तोंडाला रंग लावतात, त्याअर्थी ते प्रकृतीला चांगलंच असणार! या यादीत आपण नेमके कुठे बसतो, हे मात्र हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या लेखकांनी अजून सांगितलेलं नाही.

आता मिशी. भूमिकेला मिशी होती, आणि हा विषय निघाला की लेखक आवरत नाहीत. मराठी रंगभूमीने मिशीवर अन्याय केला, असं त्यांचं मत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सीताही पुरुषच होता. पुढे कित्येक दशकं स्त्रीपार्ट पुरुषच करत राहिले. म्हणजे राजाने मिशी चिकटवायची आणि राणीने असलेली उतरवायची. बालगंधर्वांचे शालू-दागिने पाहून घरोघरच्या बायका तशा नटू लागल्या. त्या सौंदर्यामागच्या वस्तऱ्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. लेखकांची मिशी क्रेपची होती, स्पिरिट गमने चिकटवलेली. या गमाचं घामाशी पटत नाही.

तिसरी घंटा झाली. लेखक चहाचा ट्रे घेऊन आत गेले, तर बाईसाहेब गप्प. ते काम करणाऱ्या बाई वयाने बऱ्याच मोठ्या. महिन्यापूर्वी यजमान गेले, तरी त्यांनी एक तालीम चुकवली नव्हती. त्या लेखकांकडे बघत होत्या आणि डोळ्यांत वाक्य नव्हतं. दोन महिन्यांत लेखक पहिल्यांदाच, आपली पाळी कधी येते याची वाट न बघता, समोरच्या माणसाकडे बघत होते. सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ होती. (आपल्या तोंडी ती किती शोभली असती, हे बघण्यासाठी केलेली.) ते म्हणाले, 'बाईसाहेब, मघाशी म्हणत होतात ना, हे घर विकायचं नाही म्हणून?'

बाई सावरल्या. पुढचं पान दीड पान धडाधड बोलल्या. त्या गडबडीत 'गाडी आलीय' राहूनच गेलं आणि बाईसाहेब गाडी न येताच गावाला निघाल्या. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, दिग्दर्शकाच्यासुद्धा.

विंगेत आल्यावर बाई काही बोलल्या नाहीत. लेखकांची मिशी एका बाजूने लोंबत होती, ती त्यांनी अंगठ्याने दाबून धरली. हात गार पडला होता. गम सुकेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली, आणि गम सुकल्यावरही थोडा वेळ.

पुढच्या वर्षी लेखकांना प्रॉम्प्टरचं काम देण्यात आलं. त्यांनी ते लगेच घेतलं. मिशी लावायची आहे का, एवढं फक्त विचारून ठेवलं.