रिकामं वजन

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर पुसायला निघतात. लोक ताट्यांत नवा वाळा भरतात, पंप पाण्यात सोडून पाहतात, टबाला भोक पडलं असेल तर बुजवतात आणि होळी झाली की गार हवेत झोपतात. आमचे काकाजी कूलर उघडतात. एका वर्षी त्यांनी त्याला दुसरा पंप बसवला. दोन पंपांचं पाणी पेलेना म्हणून टब बदलला. टब मोठा झाल्यामुळं स्टँड बदललं, आणि स्टँड उंच झाल्यामुळं खिडकीची चौकट फोडली. एवढं झाल्यावर आतला पंखा त्यांना हलका वाटायला लागला, म्हणून त्यांनी सागवानाची पाती स्वतः तासायला घेतली. मे गेला, नवतपा गेला. कूलर सुरू झाला त्या दिवशी पाऊस आला.

“पुढच्या सालच्या कामात येते ना,” काकाजी म्हणाले.

हे मी आधी सांगतो आहे ते अशासाठी, की नंतर काकाजींनी विमान आणलं तेव्हा ले-आउटमधल्या एकालाही नवल वाटलं नाही.

बेसा तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. स्वामी समर्थांच्या मंदिराला गुरुवारी गर्दी असायची, आणि बाकीचे सहा दिवस संत्र्याच्या बागा तोडून पाडलेल्या प्लॉटांवर गाई बसायच्या. मनीषनगरचं रेल्वे फाटक बंद झालं की माणूस पेपर वाचून संपवायचा. काकाजींनी इथं कोपऱ्यावरचा प्लॉट घेतला तो घरासाठी, असं काकूंना वाटलं होतं. घर पुढच्या एक तृतीयांशात आटोपलं. मागच्या भागात टिनाचं शेड पडलं आणि एका रात्री ट्रकमधून लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा उतरला. दोन पंख वेगळे, कापड फाटलेलं, आत चिमण्यांचं घरटं.

“पुष्पक आहे,” काकाजी म्हणाले. लग्नाची मुलगी दाखवावी तसे.

काकाजी विमानातच वाढलेले. 1949 साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेला आपापल्या गावी परत. काकाजींचे वडील त्या थैल्या उचलायचे. मुलगा हँगरमध्ये लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची विमानं पुस्तकात लिहिलंय तशीच दुरुस्त केली. स्वतःच्या मनाचा एक स्क्रूसुद्धा लावता आला नाही. ती सगळी हौस साठून राहिली होती. ती आधी कूलरवर निघाली आणि मग पुष्पकवर.

आता पुष्पक म्हणजे काय, हे काकाजींकडून ऐकायचं तर चहा दोनदा होतो. मी थोडक्यात सांगतो. विष्णू माधव घाटगे हा कोल्हापूरकडचा माणूस जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला आणि बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये देशाची विमानं काढायला बसला. 1951 साली त्यांचं एचटी-2 उडालं, 1958 साली पुष्पक. शेजारी-शेजारी दोन माणसं, 90 घोड्यांचं इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून ताणून शिवलेलं कापड, पंखांची रुंदी 36 फूट. देशभरच्या फ्लाइंग क्लबांतल्या कित्येक पोरांनी त्यावर हात बसवला. काकाजींच्या देवघरात स्वामींच्या शेजारी घाटग्यांचा फोटो आहे. रोज फूल वाहतात. फूल वाहून झालं की शेडमध्ये जाऊन घाटग्यांनी केलेलं एकेक बदलायला घेतात.

“घाटगेसाहेबांचं काही चुकलं नाही,” हे त्यांचं पालुपद. “फक्त त्यांच्याजवळ तेव्हा हे सामान नव्हतं.”

ही जात मी ओळखून आहे. ह्यांना जुनी वस्तू जिवापाड आवडते, पण जशी आहे तशी ती त्यांना पाहवत नाही. आमच्या एका मामांनी 1974 ची स्कूटर इतकी सुधारली, की शेवटी मूळची म्हणून तिची नंबरप्लेट उरली.

स्टार्टरचं प्रकरण मात्र काकूंमुळं सुरू झालं. पुष्पकच्या मूळ इंजिनाला स्टार्टर नाही. बॅटरीच नाही. एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं पुढं उभं राहून पंखा हातानं फिरवायचा. सांगाड्यावर इंजिन पहिल्यांदा चढलं त्या रविवारी चाकांखाली विटा लावल्या, शेपूट बोअरवेलच्या पाइपाला बांधलं आणि काकूंना स्विचापाशी बसवलं.

“स्विच ऑफ!” काकाजी पुढून ओरडले.

“हो.”

“हो म्हणू नको. स्विच ऑफ म्हण.”

“बंदच आहे म्हणून सांगून राह्यली ना मी.”

“जे मी म्हणतो तेच परत म्हणायचं असते! कॉन्टॅक्ट!”

“आता कोणाला फोन करू?”

चौथ्या खेपेला इंजिन लागलं. शेजारच्या गच्चीवरच्या कुरडया उडाल्या, दोन साड्या उडाल्या, आणि एक कुत्रं बेसा सोडून गेलं ते पिपळ्याला सापडलं. पण काकूंना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना आतून एवढंच दिसलं, की पंखा फिरायला लागला आणि नवऱ्याचा हात त्याच्यापासून वीतभर लांब होता. त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा त्या पंख्याले हात लावायचा नाही.”

काकाजींना एवढं पुरे होतं. स्टार्टर आला. स्टार्टर बसवायचा तर त्या इंजिनाची मागची बाजूच बदलावी लागते, ती बदलली. स्टार्टरला बॅटरी लागते. बॅटरीला जनरेटर लागतो. आता वीज घरात आलीच आहे तर रेडिओ का नको? रेडिओला अँटेना, अँटेनाला तारा. तारा उघड्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून नवा डॅशबोर्ड. डॅशबोर्ड चकचकीत झाल्यावर सीट गरीब दिसायला लागल्या. कूलरची गोष्ट मी का सांगितली ते आता कळलं असेल.

त्यात विमानाचं सामान म्हणजे सोन्याचं दुकान. इतवारीत लोहाओळीला जो बोल्ट वजनावर मिळतो, तसाच दिसणारा बोल्ट काकाजी डबीतून आणतात, कारण डबीसोबत कागद असतो. कागद नाही तर तो बोल्ट विमानाचा नाही. आणि तो कागद म्हणजे नुसती सुरुवात. मूळ नमुन्यात कुठलाही बदल केला तरी त्याचा नकाशा, हिशोब आणि मंजुरी डीजीसीएकडून घ्यावी लागते. काकाजींच्या कपाटात आता विमानापेक्षा फायली जड आहेत. मुंबईत कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 च्या मेक इन इंडिया प्रदर्शनासाठी ते सुटं करून खाली उतरवलं. तेव्हा काकाजी खास दुरांतोनं जाऊन आले. पुढं 2017 च्या नोव्हेंबरात त्याला नोंदणी मिळाली, 2020 मध्ये ते धुळ्याला उडालं, ही दोन्ही कात्रणं शेडच्या दारावर आहेत. प्रदर्शनातून परत आल्यावर त्यांनी एकच निष्कर्ष सांगितला होता: “त्यानं गच्चीवर केलं. आपला तर तळमजला आहे.”

“काकाजी, उडते कधी?” असं विचारणाऱ्याला ते सोनेगावचं बोइंग सांगतात. एका बुडालेल्या कंपनीचं बोइंग 720 1991 साली नागपूरला येऊन थांबलं ते धावपट्टीच्या बाजूला चोवीस वर्षं उभं होतं. 2015 मध्ये कुठं ते हलवलं. “त्याले कोणी विचारलं? मलेच काहून विचारता?”

गेल्या एप्रिलात विमानाचं वजन करायचं ठरलं. कितीही सुधारा, शेवटी विमानाला काट्यावर उभं करावंच लागतं. कळमन्याच्या एका अडत्याकडून तीन काटे आणले. दोन चाकांखाली दोन, शेपटीखाली एक. शेपूट उचलून विमान उडताना असतं तसं सपाट करायचं, म्हणून तिसऱ्या काट्यावर काकूंचा पाट आणि पाटावर लाकडाची घोडी. वारा लागू नये म्हणून शेडचं दार लावलेलं. बाहेर 43 अंश. मी वहीत आकडे लिहीत होतो: डावं चाक 211, उजवं 208, शेपूट 15.

काकाजींनी बेरीज तीनदा केली. 434. घाटग्यांचं पुष्पक रिकामं 395 किलोचं होतं आणि सगळं धरून 612 च्या वर जायची मुभा नाही. पन्नास लिटर पेट्रोलचे 36 गेले. काकाजींचे स्वतःचे 86 गेले. राहिले 56.

वहीच्या पहिल्या पानावर, अकरा वर्षांपूर्वीच्या शाईनं लिहिलेलं होतं: ‘शेजारची सीट – सौ. – 62.’

“सहा किलो,” काकाजी हलकेच म्हणाले. मग काकूंकडं पाहिलं. “तू एकादशी करतेच. दोन वाढवल्या तर?”

काकू ताक घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेले ठेवले, मला म्हणाल्या, “रामायणातल्या पुष्पकात कितीही लोक बसले तरी एक जागा रिकामीच राहायची म्हणते. यांनी सुधारून सुधारून त्यातली मी कमी केली.”

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या डाव्या चाकाच्या काट्यावर, चाकाच्या मागच्या रिकाम्या कोपऱ्यात, चढल्या. काटा 211 वरून 282 वर गेला.

71. मी लिहिलं नाही. लिहायची हिंमत झाली नाही.

“बासष्ट सांगितलं होतं तू,” काकाजी म्हणाले.

“तुम्ही पोळ्या वाढताना विचारलं होतं. तेव्हा कोणती बाई खरं सांगते?”

अकरा वर्षांचा सगळा हिशोब, गुरुत्वमध्याचे आलेख, मंजुरीला गेलेले नकाशे, हे सगळं त्या पोळ्यांच्या वेळी सांगितलेल्या आकड्यावर उभं होतं. मला वाटलं आता काकाजी खाली बसतात. ते विमानाभोवती एक चक्कर मारून आले. इंजिनापाशी थांबले. मग पाना उचलला आणि सरळ स्टार्टरच्या नटाला लावला.

“स्टार्टर आठ, बॅटरी अकरा,” ते आतून बोलत होते. “छप्पन अन् एकोणीस, पंच्याहत्तर. एकाहत्तर बसते. वर चार किलो. डबा जाते.” थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं, चेहऱ्याला ग्रीस, आणि डोळ्यांत तीच कूलरच्या दिवसांतली चमक. “नवीन मॉडिफिकेशन आहे हे. वेट रिडक्शन.”

म्हणजे 1958 सालचं पुष्पक. मी हे बोललो नाही.

“अन् पंखा?” काकूंनी विचारलं. “पंख्याले कोण हात लावते?”

दोघांनीही एकदम माझ्याकडं पाहिलं.

रात्री उशिरा मी घरी निघालो तेव्हा ओट्यावर बॅटरी पुसून ठेवलेली होती. काकू तिच्याकडं पाहत पदरानं वारा घेत होत्या. आत कूलर यंदाही उघडलेलाच.

“लाइट गेले तर हे कूलरले लागते का हो?”

काकाजी लगेच बाहेर आले. “लागते ना. थोडंसं मॉडिफाय करा लागते, बस.”